ड्रायरमध्ये कपडे नीट वाळत नाहीत? पहिल्या दिवसापासून काय काय करायचं ते सगळं सविस्तर

ड्रायर घरी आला तेव्हा मला वाटलं होतं की आता काय, कपडे आत टाकायचे, बटण दाबायचं आणि मोकळं व्हायचं. पण पहिले तीन-चार महिने नुसता वैताग होता. शर्ट कडकडीत वाळून चुरगळलेले आणि त्याच लोडमधल्या जीन्सचा नेफा आणि खिसे मात्र ओलेच, टॉवेल खरखरीत, चादरीच्या पोटात मोज्यांचा ओला बोळा, आणि स्क्रीनवर दोन तास दाखवून मशीन तीन-सव्वातीन तास चाललंय. आणि मी दर वेळी एकच उपाय करायचे, टेंपरेचर वाढवायचे. शेवटी मेकॅनिकला बोलावलं, त्याने खालचं झाकण उघडून आतला कंडेन्सर (दमट हवा थंड करून तिचं पाणी करणारा भाग) बाहेर काढला तर त्यावर तुशीचा, म्हणजे कपड्यांतून सुटलेल्या बारीक धाग्यांचा, थर बसलेला, अगदी गादीसारखा. तो म्हणाला, ताई, मशीन गरम तर होतंय, पण हवाच फिरत नाहीये.

तेव्हापासून मी ड्रायरकडे बघते ते हवेच्या हिशोबाने. कोरडी गरम हवा कपड्यांमधून जाते, ओल उचलते आणि ती ओल घेऊन बाहेर पडते, एवढंच काम आहे त्या मशीनचं. हवेला जायला वाट नसेल, किंवा तिने उचलायचं पाणीच अफाट असेल, तर टेंपरेचर कितीही वाढवा, कपडे भाजतात पण वाळत नाहीत. खाली जे जे सांगतेय ते बहुतेक सगळं याच एका गोष्टीतून आलेलं आहे.

आधी आपला ड्रायर कुठल्या प्रकारचा आहे ते बघा

हे माहीत नसेल तर पुढचे अर्धे सल्ले चुकीच्या मशीनला लावले जातात. व्हेंटेड ड्रायरला मागे जाड पाइप असतो आणि तो दमट हवा सरळ घराबाहेर टाकतो. कंडेन्सर ड्रायर ती दमट हवा आतल्या आत थंड करून तिचं पाणी करतो आणि टाकीत साठवतो किंवा ड्रेनच्या पाइपने सोडतो. हीट पंप ड्रायरसुद्धा पाणीच काढतो, पण त्यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो, एकदा वापरलेली उष्णता तो परत परत वापरतो, त्यामुळे वीज साधारण निम्मी लागते. हवा मात्र ५० अंशांच्या आसपासच राहते (बाकीच्या दोघांत ती ७० च्या आसपास जाते), म्हणून वेळ जास्त लागतो. पूर्ण लोडला अडीच-तीन तास लागले तर मशीन बिघडलंय असं समजू नका, त्याचा स्वभावच तो आहे, आणि कमी उष्णतेमुळे कपडे जास्त टिकतात हा फायदा मला तरी वेळेपेक्षा मोठा वाटतो.

चौथा प्रकार म्हणजे धुणं आणि वाळवणं एकाच ड्रममध्ये करणारं मशीन, आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल आहेत. मशीनवर ८ किलो लिहिलेलं असतं ते धुण्याचं, वाळवण्याची क्षमता बऱ्याचदा ५ किलोच असते आणि ती मॅन्युअलमध्ये वेगळी दिलेली असते. ८ किलो धुवून तसंच पुढे वाळवायला लावलं की तीन तासांनी गरम, दमट, चुरगळलेला गठ्ठा हातात येतो. मधे थांबून निम्मे कपडे बाहेर काढावेच लागतात, त्याला दुसरा मार्ग नाही.

जागेचंही इथेच सांगून टाकते. कंडेन्सर आणि हीट पंप मशीन अगदी बंद, छोट्या खोलीत कोंबू नका, खोलीतली हवा तापत गेली की मशीनला आतली दमट हवा थंड करायला जमत नाही, साधारण ५ ते ३५ अंशांच्या खोलीत ती नीट चालतात. दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा. मशीनचे पाय फिरवून ते लेव्हलला आणा. आणि हीट पंपवालं मशीन आडवं करून आणलं असेल तर लगेच चालू करू नका, कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर बसायला वेळ लागतो, किती तास थांबायचं ते मॅन्युअलमध्ये असतं, तेवढे थांबा.

ड्रायरचं अर्धं काम वॉशिंग मशीनमध्ये होतं

ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि लोक तीच सोडतात. १ लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६३ युनिट एवढी ऊर्जा लागतेच लागते, हा निसर्गाचा हिशोब आहे, त्यात मशीनची कंपनी काही करू शकत नाही (हीट पंप ती ऊर्जा परत वापरतो म्हणून त्याचं बिल कमी, पण पाणी तेवढंच काढायचं असतं). तेच पाणी स्पिनमध्ये फिरवून बाहेर फेकायला अगदी नगण्य वीज लागते. आता बघा, ६ किलो सुती कपडे ८०० च्या स्पिनवर (मिनिटाला ८०० फेरे) पिळले तर त्यांच्यात कोरड्या वजनाच्या साधारण ७० टक्के, म्हणजे ४ लिटरपेक्षा जास्त पाणी उरतं, आणि १४०० वर पिळले तर ५० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३ लिटर. सव्वा लिटरच्या जवळपास फरक पडला फक्त एक बटण फिरवल्याने, आणि साध्या ड्रायरमध्ये तो पाऊण युनिट वीज आणि अर्ध्या तासाच्या आसपास वेळ वाचवतो, दर लोडला.

म्हणून टॉवेल, चादरी, जीन्स, सुती टीशर्ट यांना मशीन देईल तेवढा जास्त स्पिन द्या. नाजूक कपड्यांना नाही, त्यांच्यावर चुण्या पक्क्या बसतात. वॉशिंग मशीन जुनं असेल आणि त्याचा स्पिन कमी असेल तर धुणं झाल्यावर नुसता स्पिन परत एकदा लावायचा, दहा मिनिटं जातात पण पुढे त्याच्या तिप्पट वाचतात.

स्पिन झालं की कपडे एकेक करून झटका. मला माहितेय की हे कंटाळवाणं आहे, पण जास्त स्पिनने कपड्यांना पीळ पडलेला असतो, बाह्या आत गेलेल्या असतात, सगळा गठ्ठा ड्रमला चिकटून दोरखंडासारखा झालेला असतो, तो तसाच उचलून ड्रायरमध्ये टाकला तर आतल्या थरांपर्यंत हवा पोचतच नाही. झटकताना खिसे बघून घ्या, कागदी रुमाल, पेन, नाणी, लिपबाम. खिशातलं पेन धुताना फुटलं नाही तरी ड्रायरच्या उष्णतेत हमखास फुटतं, आणि ड्रममध्ये लागलेली शाई पुढच्या चार लोडना पुरते.

झिप लावून घ्या, नाहीतर तिचे दात दुसऱ्या कपड्यांना ओरबाडतात. शर्टाची बटणं मात्र उघडी ठेवा, बंद ठेवली की ड्रम फिरताना बटणाच्या काजावर ताण येतो. नाडीवाल्या पॅंटची नाडी गाठ मारून ठेवा म्हणजे ती नेफ्यात गडप होत नाही. जीन्स आणि गडद रंगाचे कपडे उलटे करा, घासून रंग पांढरट पडतो तो आतल्या बाजूला पडू दे, शिवाय जीन्स उलटी केली की खिसे बाहेर येतात आणि वेळेत वाळतात. उशी-रजईच्या खोळींची तोंडं बंद करा, नाहीतर त्या लोडमधले सगळे छोटे कपडे गिळून बसतात.

वेगळे करताना रंग नव्हे, जाडी बघा

धुताना आपण रंग बघतो, वाळवताना कापडाची जाडी आणि जात बघायची. पॉलिएस्टरचा जर्सीसारखा शर्ट वीस-पंचवीस मिनिटांत वाळतो, टॉवेलला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. दोन्ही एकत्र टाकले तर एकतर टॉवेल ओला राहणार नाहीतर शर्ट भाजत राहणार. मी तीन ढीग करते, टॉवेल-चादरी-जीन्स एक, सुती शर्ट आणि टीशर्ट दुसरा, सिंथेटिक आणि खेळाचे कपडे तिसरा. टॉवेल आणि चादरी पण शक्यतो वेगळ्याच, कारण चादर टॉवेलला गुंडाळते.

मग कपड्याच्या लेबलवरचं चौकोनात गोल असलेलं चिन्ह बघा. गोलात एक ठिपका म्हणजे कमी उष्णता, ६० अंशांपर्यंत. दोन ठिपके म्हणजे नेहमीची, ८० अंशांपर्यंत. फुली मारलेली असेल तर ड्रायर नाही म्हणजे नाही. हे चिन्ह मी बरीच वर्षं बघितलंच नव्हतं आणि त्यात आईने विणलेला एक लोकरी स्वेटर गेला. लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात, ओलं असताना उष्णता आणि आपटणं दोन्ही मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि विणीचा नमदा होतो, तो परत कधीच सुटत नाही. तो स्वेटर अजून माझ्याकडे आहे, लहान मुलाच्या मापाचा झालाय, आणि मला अजून वाईट वाटतं. म्हणून लोकर, रेशीम, लेस, चामडं यांना दोरीवर किंवा सपाट टॉवेलवर वाळवा. (मशीनवर लोकरीचा खास प्रोग्राम असेल आणि लेबलवर फुली नसेल तरच, आणि तोही मोजक्या कपड्यांसाठी.) आतल्या कपड्यांचं इलॅस्टिक आणि लायक्रा जास्त उष्णतेने सैल पडतं, त्यांना नेहमी कमीवर.

आता जे कधीच टाकायचं नाही ते. स्वयंपाकाचं तेल, मसाजचं तेल, जवसाचं तेल, पेट्रोल, थिनर, वॅक्स असं काही लागलेला कपडा, नुकताच धुतलेला असला तरी, ड्रायरमध्ये घालू नका. धुण्यात तेल पूर्ण निघत नाही, जे उरतं ते गरम हवेत ऑक्सिजनबरोबर अभिक्रिया करून स्वतःच तापायला लागतं, आणि कपडे घट्ट ढिगात असतील तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि कुठलीही ठिणगी नसताना पेट घेतं. मशीन बंद झाल्यावर, टोपलीतल्या ढिगातसुद्धा हे होतं. तेलाची फडकी, मसाजचे टॉवेल यांना उघड्यावर पसरूनच वाळवा. तसंच फोमचे पॅड, रबराचं अस्तर असलेल्या चटया, शॉवर कॅप, वॉटरप्रूफ कापड हे सगळं बाहेर.

किती भरायचं

ड्रममध्ये ओले कपडे टाकल्यावर वर निदान एक तृतीयांश जागा रिकामी दिसली पाहिजे, जाड कपड्यांना तर निम्मी. कपडे वर जाऊन मोकळे खाली पडले पाहिजेत, त्या पडण्यातच हवा त्यांच्यातून जाते. ठासून भरलं की सगळा गोळा एकत्र फिरतो, बाहेरचा थर भाजतो आणि मधला तसाच राहतो.

पण उलटी चूकही होते आणि ती कमी लोकांना माहीत असते. दोनच कपडे टाकले की तेही नीट वाळत नाहीत. याचं कारण सेन्सर. ड्रमच्या तोंडाशी आतल्या बाजूला धातूच्या दोन पट्ट्या असतात (काही मशीनमध्ये जागा वेगळी असते), ओला कपडा दोन्हींना टेकला की त्यांच्यातून बारीकसा करंट जातो, कपडा वाळत जातो तसा करंट कमी होतो आणि मशीन समजतं की झालं. दोन-तीनच कपडे असतील तर ते पट्ट्यांना लागतच नाहीत, मशीनला वाटतं सगळं कोरडं आहे, आणि ते पंधरा मिनिटांत थांबतं. म्हणून फार थोडे कपडे असतील तर सेन्सरचा प्रोग्राम सोडून मिनिटांचा टायमर लावा, किंवा दोन कोरडे टॉवेल बरोबर टाका, ते ओल पण वाटून घेतात आणि लोडला वजन पण येतं.

प्रोग्राम

एरवी, लोड नीट असेल तेव्हा, सेन्सरचाच प्रोग्राम वापरा, टायमर नको. टायमरला कपडे वाळलेत की नाही हे कळत नाही, तो आपला फिरवत बसतो. सेन्सरवर साधारण तीन पातळ्या असतात, इस्त्रीपुरते ओलसर, कपाटात ठेवण्याइतके कोरडे, आणि एकदम कोरडे. शर्टांना पहिली, बाकी जवळजवळ सगळ्याला दुसरी, आणि तिसरी फक्त जाड टॉवेल किंवा जाड शिवणीच्या कपड्यांना.

जास्त वाळवणं हे कमी वाळवण्याइतकंच वाईट आहे, हे मला उशिरा समजलं. सुती कापड कोरडं म्हणतो तेव्हाही त्याच्यात साधारण ८ टक्के ओल हवेतून घेतलेली असते आणि ती असायलाच हवी, तिच्यामुळे ते मऊ लागतं. तीही काढून टाकली की कापड खरखरीत होतं, धागे तुटून तूस जास्त पडते, आटायचा धोका वाढतो आणि विजेचे चटके बसायला लागतात. ड्रायरमधून काढताना कपडा किंचित, अगदी किंचित दमट लागला तर तो योग्य वेळी काढलाय असं समजा, पाच मिनिटं पसरून ठेवला की झालं. गरम कपडा हाताला जरा ओलसरच वाटतो हे पण लक्षात ठेवा, एखादा बाहेर काढून गार होऊ द्या आणि मग ठरवा.

शेवटची दहा-एक मिनिटं मशीन उष्णता बंद करून नुसती हवा फिरवतं, ती मिनिटं कापू नका. घाईत मधेच थांबवायचं असेल तर सगळे कपडे लगेच बाहेर काढून पसरा, गरम ढीग तसाच ड्रममध्ये ठेवू नका.

लोड संपल्यावर दोन मिनिटांचं काम

बीप वाजला की पाच-दहा मिनिटांत कपडे काढा. गरम कपडे एकमेकांवर दबून गार झाले की चुण्या इस्त्री केल्यासारख्या पक्क्या होतात. जायला जमणार नसेल तर चुरगळू न देणारा पर्याय आधीच चालू करा, त्यात ड्रम थोड्या थोड्या वेळाने फिरत राहतो. शर्ट गरम असतानाच हॅंगरला लावा, हाताने कॉलर आणि पट्टी ओढून सरळ करा, मला रोजच्या शर्टांना इस्त्री करावी लागत नाही ती यामुळेच.

मग लिंटची, म्हणजे तूस अडवणारी, जाळी. प्रत्येक लोडनंतर. एक दिवसाआड नाही, आठवड्याने नाही, प्रत्येक लोडनंतर. जाळी उघडून बोटाने तूस गोळा करा, ती निघते सहज, फेल्टच्या तुकड्यासारखी. दुहेरी जाळी असेल तर दोन्ही. जाळी बसते त्या खाचेतही बघा. आणि जाळी नसताना मशीन कधीही चालवू नका, अगदी एकदाही, ती तूस सरळ आतल्या भागांवर जाऊन बसते.

कंडेन्सर किंवा हीट पंप असेल तर पाण्याची टाकी रिकामी करा. ते पाणी म्हणजे जवळजवळ डिस्टिल्ड पाणीच, पण त्यात तूस आणि साबणाचे अंश असतात, प्यायचं नाही आणि पाळीव प्राण्यांनाही द्यायचं नाही, फरशी पुसायला छान. ड्रायरचं दार थोडा वेळ उघडं ठेवा, मात्र घरात लहान मुलं किंवा मांजर असेल तर बंदच ठेवा आणि दर वेळी चालू करण्याआधी ड्रममध्ये हात घालून बघा. मांजरांना ती उबदार जागा फार आवडते.

महिन्यातून एकदा

जाळी रोज साफ करूनही हवा कमी पडत असेल तर पाण्याची परीक्षा करा, जाळी नळाखाली धरा, पाणी सरळ खाली गेलं तर ठीक, वर थेंब साचून राहिले तर जाळीच्या भोकांवर सॉफ्टनरचा (कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा) किंवा सुगंधी ड्रायर शीटचा (कपड्यांबरोबर ड्रममध्ये टाकायच्या पातळ कापडाचा) मेणचट थर बसलाय. डोळ्यांना दिसत नाही, पण हवा अडते. कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण, जुना मऊ ब्रश, आणि पूर्ण सुकल्यावरच परत लावायची. हाच थर सेन्सरच्या पट्ट्यांवरही बसतो आणि मग मशीनला ओलं कोरडं कळेनासं होतं, कपडे ओले असतानाच थांबतं. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून पिळलेल्या फडक्याने पट्ट्या पुसा. माझ्याकडे "सेन्सर गेलाय" असं वाटून घेतलेली काळजी या एका पुसण्याने मिटली होती.

कंडेन्सरवाल्यांनी खालचं झाकण उघडून कंडेन्सर बाहेर काढायचा, नळाखाली दोन्ही बाजूंनी धुवायचा, निथळवून परत बसवायचा. हीट पंपमध्ये तो भाग बहुतेक वेळा बाहेर निघत नाही, पातळ धातूचे पत्रे दिसतात, ते मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमच्या ब्रशने वरून खाली हलक्या हाताने साफ करा, आडवं घासलं तर पत्रे वाकतात, आणि त्यांची धार पण असते, हातमोजे घाला. काही मशीन स्वतः तो भाग धुतात, मग फक्त फोमचा फिल्टर असेल तो धुवायचा. मॅन्युअल वाचाच.

व्हेंटेडवाल्यांनी पाइपकडे लक्ष द्या, खरं तर सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं कारण तो मागे असतो, दिसत नाही. पाइप धातूचा, आतून गुळगुळीत, ४ इंचांचा, जमेल तेवढा आखूड आणि कमीत कमी वळणांचा हवा. प्लॅस्टिकचा किंवा अकॉर्डियनसारखा फॉइलचा पाइप असेल तर बदला, त्याच्या वळ्यांमध्ये तूस अडकते. जोड धातूच्या टेपने करा, आत घुसणारे स्क्रू लावू नका, त्यांच्या टोकांना तूस लटकते. वर्षातून एकदा तरी पाइप काढून आतून ब्रशने साफ करा आणि मशीन भिंतीला दाबून तो चेपला गेलेला नाही ना ते बघा. मशीन चालू असताना बाहेर जाऊन पाइपच्या तोंडाची झडप बघा, ती हवेने नीट उघडली पाहिजे, नुसती थरथरत असेल तर आत अडथळा आहे.

हे सगळं मी एवढं लावून धरते त्याचं कारण आग. तूस म्हणजे बारीक सुटा कापूस, पेटायला काही वेळ लागत नाही. अमेरिकेच्या फायर ॲडमिनिस्ट्रेशनने २००८ ते २०१० या वर्षांतल्या आगींचा अहवाल काढला होता, त्यात घरातल्या ड्रायरच्या वर्षाला साधारण २,९०० आगी, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे मशीन साफ न करणं, ३४ टक्के. म्हणून घराबाहेर जाताना किंवा झोपायला जाताना ड्रायर लावू नका. साधा ड्रायर २,००० ते २,५०० वॉट खेचतो, त्याला स्वतःचा पॉइंट द्या, एक्स्टेंशन बोर्ड नको. अधूनमधून प्लगला हात लावून बघा, चांगलाच गरम लागला तर सॉकेट तपासून घ्या.

आणि नेहमीच्या तक्रारी

चटचट आवाज आणि चटके, म्हणजे स्टॅटिक. हा मुख्यतः सिंथेटिकचा प्रश्न आहे, पॉलिएस्टर जवळजवळ अजिबात ओल धरत नाही, त्यामुळे घासून तयार झालेला चार्ज त्याच्यावरच अडकून बसतो. सिंथेटिक सुती कपड्यांपासून वेगळे, कमी उष्णतेवर, आणि थोडे आधीच काढा. लोकरीचे गोळे मिळतात ते तीन-चार टाकले तर कपडे एकमेकांपासून सुटे राहतात, वेळही थोडा वाचतो. सुगंधी शीट मी टॉवेलना आणि खेळाच्या कपड्यांना वापरत नाही, त्या मेणचट थराने टॉवेल पाणी शोषेनासे होतात.

चादरीचा गुंडाळा. यावर खात्रीचा एकच उपाय मला सापडलाय, वीस मिनिटांनी मशीन थांबवायचं, चादर बाहेर काढून झटकायची, उलट बाजूने परत टाकायची. एका वेळी दोनच चादरी.

कुबट वास. हा वास ड्रायरमधून क्वचित येतो, बहुतेक वेळा कपडे धुतल्यावर तास न् तास ओले पडलेले असतात. २०१२ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की या वासामागे मुख्यतः मोराक्झेला ऑस्लोएन्सिस नावाचा बॅक्टेरिया असतो, तो ओल्या कापडात वाढतो. तेव्हा वास येत असेल तर परत वाळवून उपयोग नाही, परत धुवा, कापडाला चालत असेल तर गरम पाण्यात, आणि लगेच ड्रायरमध्ये. वॉशिंग मशीनच्या दाराचं रबर पण पुसून घ्या. स्वच्छ धुतलेल्या कपड्यांना तरीही वास येत असेल तर मग ड्रायरची टाकी, फोमचा फिल्टर आणि जाळीची खाच बघा.

सुती कपडे आटणं. कापड विणताना धागे ताणलेले असतात, ओल, उष्णता आणि हलणं मिळालं की ते आपल्या मूळ लांबीला परत जातात. नवीन टीशर्ट पहिल्या तीन-चार वेळा सगळ्यात जास्त आटतो. आवडीचा कपडा असेल तर कमी उष्णतेवर पाऊण वाळवा, मग हाताने लांबी-रुंदी ओढून सारखी करून हॅंगरवर राहू द्या.

उशा आणि पिसांचे जॅकेट. बाहेरून कोरडे, आत गोळे. कमी उष्णता, दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल बरोबर, दर अर्ध्या तासाने काढून हाताने गोळे फोडायचे, आणि धीर धरायचा, तीन-चार फेऱ्या लागू शकतात. दाबून बघितल्यावर कुठेही गार आणि जड लागलं तर ते अजून ओलं आहे, तसंच कपाटात ठेवलं तर आत बुरशी धरते.

मेकॅनिक कधी बोलवायचा

ड्रम फिरतोय पण हवा गारच आहे, आणि जाळी-पाइप सगळं साफ आहे, तर हीटर किंवा थर्मल फ्यूज (मशीन जास्त तापलं की हीटर बंद पाडणारा फ्यूज) गेलेला असू शकतो. व्हेंटेड मशीनमध्ये फ्यूज बहुतेक वेळा पाइप तुंबल्यामुळेच उडतो, म्हणून नुसता फ्यूज बदलून घेऊ नका, पाइप पण तपासायला सांगा, नाहीतर महिन्याभरात परत तेच. मोटर घुमतेय पण ड्रम जागचा हलत नाही, तर पट्टा तुटलाय. फिरताना धपधप किंवा किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि आत बूट, नाणी काही नाही, तर ड्रमखालचे रोलर झिजलेत, हे लवकर दाखवलं तर स्वस्तात सुटतं. जळका वास आला तर मात्र कुठलाही प्रयोग न करता आधी मेन स्विच बंद करा, प्लग काढा, आग किंवा धूर दिसत असेल तर ड्रायरचं दार उघडू नका कारण आत हवा गेली की भडका होतो, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फायर ब्रिगेडला फोन करा. नुसताच वास असेल आणि मशीन गार झालं असेल तर कपडे काढून पसरा, आणि मेकॅनिकने मागचं पॅनेल उघडून आतली तूस साफ करेपर्यंत ते परत लावू नका.